येणे रुपये १४

जॉबरमामांना जाऊन महिना झाला असेल. त्यांचा थोरला मुलगा संध्याकाळी आमच्या दारात उभा. हातात लाल कापडाच्या बांधणीची, उभी उघडणारी वही. आपल्याकडे किराणावाले ठेवतात तशी.

"वडलांच्या हिशेबात तुमचं नाव निघालंय," तो म्हणाला.

आईचा चेहरा उतरला. मेलेल्या माणसाच्या वहीत आपलं नाव निघणं बरं नव्हे. त्यानं पान उघडून दाखवलं. वर माझ्या वडलांचं नाव, बाजूला तारीख ११ मार्च २००५, आणि खाली एक ओळ: झेरॉक्स, पानं १४, येणे रु. १४. अक्षरं देवनागरी, वळण तेलुगूसारखं गोल. मामा शाळेत तेलुगू शिकले होते. मराठी त्यांनी पुढं गिरणीच्या फलकांवरून उचललं.

मी पैसे काढायला उठले तर त्यानं हात आडवा केला. "पैशासाठी नाही आलो. जायच्या आधी त्यांनी सगळ्यांच्या नावावर काट मारलीय. बघा, एकेक नाव. फक्त तुमचंच तसंच ठेवलं. ते का, एवढंच विचारायला आलो."

का ते मला माहीत होतं. पण दारात उभं राहून सांगण्याजोगं नव्हतं. त्याला आत बोलावलं, चहा ठेवला आणि पहिल्यापासून सांगितलं. तेच इथं लिहिते आहे.

माझे वडील एका सार्वजनिक संस्थेची मोठी गाडी चालवायचे. संस्थेचं नाव घेत नाही. तेव्हाची माणसं आता त्या खुर्च्यांवर नाहीत, आणि आमच्या वाट्याला आलं ते एकाच कचेरीत घडतं असंही नाही. एकवीस वर्षांच्या नोकरीत एकही अपघात नाही, याचं चौकटीतलं प्रशस्तिपत्र आमच्या भिंतीवर सिद्धरामेश्वराच्या तसबिरीशेजारी लटकत असे.

२००४ च्या पावसाळ्यात बुटानं घासून त्यांच्या डाव्या अंगठ्याजवळ फोड आला. मधुमेह आधीपासून होता. फोड दुखत नव्हता, म्हणून आम्ही निश्चिंत. मधुमेहात न दुखणं हीच धोक्याची खूण असते, हे सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं तोवर अंगठा काळा पडला होता. आधी अंगठा काढला, मग पाऊल, आणि दसऱ्याच्या तोंडावर गुडघ्याखाली पाय. डावा पाय, म्हणजे क्लचचा.

शिल्लक रजा संपली, अर्धपगारी संपली, बिनपगारी सुरू झाली. आई विड्या वळायचीच. माझं बारावीचं वर्ष होतं, पण मीही संध्याकाळी सूप मांडीवर घेऊन बसू लागले. माझ्या त्या वर्षीच्या पुस्तकांना अजून तंबाखूचा वास येतो.

फेब्रुवारीत संस्थेनं वैद्यकीय तपासणी केली. शेरा आला: चालक पदासाठी कायमस्वरूपी अपात्र. मार्चमध्ये आस्थापना शाखेतले एक गृहस्थ घरी आले. कचेरीतला माणूस आपल्या घरी आला याचंच आम्हाला अप्रूप. आईनं शेजारून साखर आणून चहा केला. त्यांनी टाइप केलेला अर्जच सोबत आणला होता. प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वेच्छेने सेवानिवृत्त होऊ इच्छितो. खाली वडलांचं नाव, आणि सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुली.

"सही करून टाका," ते म्हणाले. "फंड, ग्रॅच्युइटी लगेच मार्गी लावतो. पोरीचं शिक्षण झालं की तिलाही कुठंतरी चिकटवू. नाहीतर अपात्र म्हणून काढतील, मग हाती काही लागायचं नाही."

तो माणूस दुष्ट नव्हता. आपण या कुटुंबाचं भलंच करतोय असं त्याला मनापासून वाटत होतं. हे मला कळायला मात्र पुढं चौदा-पंधरा वर्षं जावी लागली. त्याबद्दल नंतर लिहिते.

अर्ज ठेवून ते गेले. उद्या न्यायला येणार होते. वडील भिंतीला टेकून बसले होते, कागद मांडीवर, पेन हातात. तेवढ्यात मामा आले. आमच्या बोळात त्यांना सगळे जॉबरमामा म्हणत. सोलापुरातल्या अशोक चौकाच्या अलीकडची आमची ती चाळ. अर्धी घरं तेलुगू बोलणारी, काही कानडी, उरलेली आमच्यासारखी. भांडण कुठल्याही भाषेत झालं तरी मिटवायला मामाच.

"काय करूलालास बे?" त्यांनी दारातूनच विचारलं.

वडलांनी कागद पुढं केला. मामांनी तो दिव्याखाली धरून सावकाश वाचला. मग एका शब्दावर बोट ठेवलं. बोट म्हणजे अनामिका. उजव्या हाताची पहिली दोन बोटं त्यांना नव्हती.

"स्वेच्छा म्हणजे कुणाची इच्छा?"

वडील काही बोलले नाहीत.

"तुझी हाय का?"

"माझी कशी असंल, मामा?"

"मग सही तुझी कशाला?" त्यांनी वडलांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि स्वतःच्या खिशाला लावलं. ते पेन मामांनी परत केलंच नाही. माझ्या हिशेबानं ते देणं त्यांच्याकडं राहिलं, पण ते काही वहीत नव्हतं.

त्या रात्री मामांनी आपल्या बोटांची गोष्ट सांगितली. चाळीत सगळ्यांना ती बोटं गेलेली माहीत होती, पुढचं कुणाला माहीत नव्हतं. १८७७ मध्ये पहिली गिरणी उभी राहिली तेव्हापासून सोलापूर भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. मामा त्यातल्याच एका गिरणीत साचेखात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते. १९६८ साली चालू साच्याच्या दात्यांत हात सापडला. भरपाईचा कायदा १९२३ चा, इंग्रजांच्या वेळचा. त्याला एक परिशिष्ट होतं. शरीराचा कुठला भाग गेला म्हणजे कमावण्याची ताकद किती टक्के गेली, याचा तक्ता. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०, चार गेली तर ५०. मामांची किंमत २० टक्के ठरली. पैसे मिळाले, पण ते तीन वर्षं खेटे घातल्यावर.

"आणि नोकरी?" मी विचारलं.

"घेतलं की परत. झाडू मारायला." मामा हसले. "नाव जॉबरचं राहिलं, पगार झाडूवाल्याचा झाला. बोटांचे पैसे दिले पोरी, जागा नाही दिली. जागेचा कायदाच नव्हता तवा."

आता तसा कायदा आहे, असं त्यांच्या कानावर होतं. कुठला, ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आस्थापनेतले गृहस्थ आले तेव्हा वडलांनी मामांनी पढवलेलं वाक्य म्हटलं: "विचार करायला वेळ पाहिजे. लेखी द्या." लेखी म्हणताच ते गृहस्थ गडबडले. अर्ज उचलून निघून गेले.

मामा मला आणि माझ्या वहीला घेऊन जिल्हा न्यायालयाबाहेर बसणाऱ्या एका वकीलसाहेबांकडे गेले. कामगारांचे खटले चालवून त्यांचा कोट पांढरा पडत चालला होता. मामा आणि ते गिरण्यांच्या काळापासूनचे ओळखीचे. वकीलसाहेबांनी कपाटातून एक पुस्तक काढून पान उघडलं. अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा कायदा, कलम ४७.

ते कलम त्यांनी आम्हाला मराठीत सांगितलं, ते असं. सेवेत असताना ज्याला अपंगत्व आलं, त्याला नोकरीवरून काढता येणार नाही आणि हुद्दाही उतरवता येणार नाही. असलेल्या पदाचं काम जमत नसेल तर तेवढ्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर न्यावं, सेवेचे लाभ तसेच ठेवून. तसं पद रिकामं नसेल तर रिकामं होईपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी येईल तोवर, त्याच्यासाठी अधिसंख्य पद ठेवावं. म्हणजे मंजूर पदांच्या यादीवर एक जास्तीचं.

"पण साहेब, ह्याचा पाय काय ड्युटीवर गेला नाही," मामा म्हणाले. "साखरेनं गेला."

वकीलसाहेबांनी टेबलावर दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली. मला वाटतं, कायदा म्हणजे काय हे मला त्या दुपारी कळलं. १९२३ चा कायदा म्हणतो, कामामुळे आणि काम करत असताना झालेली इजा. १९९५ चा म्हणतो, सेवेत असताना आलेलं अपंगत्व. "कामामुळे" हा शब्द दुसऱ्या कायद्यात नाही. पहिला कायदा विचारतो, इजा कशामुळे, खर्च कुणाचा. दुसऱ्याला त्यात रस नाही. तो एवढंच विचारतो, हा माणूस आता कुठं बसेल?

मग त्यांनी एका निकालाची प्रत काढली. कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, २००३. एका निमलष्करी दलाचा शिपाई. डाव्या पायाला दुखापत, त्यातून गँगरीन, पाय कापला. दलानं त्याला सेवेसाठी निकामी ठरवून घरी पाठवलं आणि अपंगत्वाचं निवृत्तिवेतन लावून दिलं. पेन्शन दिली म्हणजे कलम ४७ चं कर्तव्य फिटत नाही, असं न्यायालयानं बजावलं. सेवेत असताना अपंग झालेला माणूस वाऱ्यावर सोडला तर त्याच्यामागं त्याचं घरही सोसतं, हा त्या निकालातला विचार.

आमचा डावा पाय. त्याचाही डावा पाय. आमचंही गँगरीन. मला रडू आलं.

मामांनी विचारलं, "खालच्या कोर्टात काय झालं होतं त्याचं?"

"हायकोर्टात हरला."

"बरं झालं की," मामा म्हणाले. "तिथंच जिंकला असता तर दिल्लीला कशाला गेला असता? मग हा कागद आपल्याला कुठनं मिळाला असता?"

वकीलसाहेब चष्मा काढून हसले. मला त्या वेळी ते बोलणं निष्ठुर वाटलं. आज वाटत नाही. कुणाल सिंग नावाच्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही, आणि त्याला सोलापूर कुठं आहे हे ठाऊक असायचं कारण नाही. पण त्यानं हरल्यावर घरी न बसण्याचं ठरवलं, त्यावर आमच्या घरची चूल पेटली.

कायद्याची आणि निकालाची मिळून चौदा पानं. मामांनी बाहेरच्या टपरीवर झेरॉक्स काढल्या, खिशातून चौदा रुपये दिले आणि घरी येऊन वहीत नोंद केली. तीच ती नोंद.

त्या रात्री मामांनी वडलांसमोर माझी वही उघडली. "बसून करायची कामं सांग. तुमच्याकडं बसून काय काय होतं?"

वडील म्हणाले, "मी ड्रायव्हर. मला काय माहीत?"

"एकवीस वर्षं काय डोळे झाकून गाडी लावत होतास?"

मग एकेक काम निघालं. डिझेलची नोंदवही. टायरची नोंदवही. सुट्या भागांचं कोठार. लॉगशीट तपासणं. फाटकावर गाड्यांच्या येण्याजाण्याची नोंद. टेलिफोन. आवक-जावक. सापडलेल्या वस्तूंची खोली. आठवर येऊन वडील थांबले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "नव्या पोरांना शिकवता येईल. घाटात गिअर कधी टाकायचा, ते बसूनच सांगता येतं." पाय गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या आवाजात उभारी होती.

नऊ कामांची ती यादी अर्जाला जोडली. सोबत सिव्हिलचं साठ टक्क्यांचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र. अर्ज मी लिहिला, मामांच्या देखरेखीखाली. राग नाही, उपकाराची भाषा नाही, "दया करावी" तर मुळीच नाही. कलम, मागणी, यादी. आणि मामांचा नियम: "कागद दिला म्हणजे दिला नव्हं. पोच मिळाली, शिक्का उठला, म्हणजे दिला."

दोन महिने काहीच आलं नाही. मग उत्तर आलं: सदर अपंगत्व कर्तव्यावर असताना झालेल्या अपघातामुळे आलेले नाही. आम्ही दोन पुस्तकांमधला तो एका शब्दाचा फरक लिहून पाठवला. मग दुसरं उत्तर: समकक्ष पद रिक्त नाही. आम्ही अधिसंख्य पदाबद्दल लिहिलं. त्यानंतर पुन्हा शांतता. माझी बारावी त्यातच झाली.

पुढं दोन वाटा होत्या. एक उच्च न्यायालयात रिट. त्यासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई, आणि दर तारखेला तेच. दुसरी वाट पुण्याची. अपंगांच्या हक्कांबद्दलची गाऱ्हाणी ऐकायला कायद्यानं राज्याला आयुक्त दिलेला आहे. कागद मागवायला आणि माणसं बोलवायला त्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. "आधी पुणं," वकीलसाहेब म्हणाले. "वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत. तिथं नाही जमलं तर मुंबई आहेच."

हुतात्मा एक्स्प्रेसनं आम्ही तिघं निघालो. वडील, मामा, मी. कुबड्या दाराशी उभ्या. आईनं कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून दिली होती. मामांनी दौंड येईस्तोवर वडलांकडून यादी पाठ करून घेतली.

पहिल्या तारखेला संस्थेकडून कुणी आलंच नाही. दुसऱ्या तारखेला एक अधिकारी आले, जाड फाईल घेऊन. आयुक्तांनी आमची यादी वाचली आणि विचारलं, "ही नऊ कामं तुमच्याकडे होतात का?"

"होतात, सर."

"मग?"

"कामं आहेत, सर. पदं नाहीत."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मामांना बोलायचा अधिकार होता की नाही, मला माहीत नाही. पण ते उठले. "साहेब, काम हाय, माणूस हाय. ऱ्हायलं काय? पद. ते कागदावर तयार होतंय. पाय काय कागदावर तयार होत नाही."

आयुक्तांनी हसू दाबलं असावं. त्यांनी त्या अधिकाऱ्यांना सांगितलं, यादीतलं प्रत्येक काम का देता येत नाही याचं वेगवेगळं कारण लेखी द्या. कारणांचा तो कागद कधीच आला नाही. त्याऐवजी काही आठवड्यांनी वडलांच्या नावानं हुकूम आला.

असले तंटे मिटतात कसे, हे मला त्यातून उमगलं. निकालपत्रापर्यंत जाणारे थोडे. बाकीचे मिटतात ते नाही म्हणणाऱ्याला आपलं 'नाही' सहीनिशी, कारणासह लिहावं लागेल अशी वेळ आली म्हणजे. तोंडी 'नाही' म्हणायला काही लागत नाही, लिहायला मात्र हात जड होतो.

जानेवारी २००६ मध्ये, गड्ड्याची जत्रा भरली होती तेव्हा, वडील डिझेलच्या नोंदवहीवर रुजू झाले. चालकाच्याच वेतनश्रेणीत. मधल्या काळाच्या पगारासाठी आणखी दीड वर्ष आणि सात अर्ज लागले. तो पूर्ण मिळाला नाही, बराचसा मिळाला. पुढं जयपूर फूट बसला. २०१५ मध्ये ते अठ्ठावन्नाव्या वर्षी नियमानं निवृत्त झाले. स्वेच्छेनं नव्हे.

पहिला पगार झाल्यावर वडील पेढे आणि चौदा रुपये घेऊन मामांकडे गेले. मामांनी पेढे घेतले. पैसे परत त्यांच्या मुठीत कोंबले.

"ऱ्हाऊ दे की. हिशेब मिटला की येणं-जाणं मिटतंय."

वडलांनी पुन्हा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तेच उत्तर. मग आमच्या घरात ते चौदा रुपये एक नात्याचा भाग होऊन बसले. मामांकडे सणाला जायचं तर आई म्हणायची, "चला, व्याज देऊन येऊ."

कॉलेजात असताना मी सुट्टीत वकीलसाहेबांकडे टायपिंग करायचे. २००८ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे भगवान दास खटल्याचा निकाल आला. सर्वोच्च न्यायालयानं त्या जानेवारीत दिलेला. पंजाबच्या वीज मंडळातला एक साहाय्यक लाइनमन. १९९४ मध्ये नोकरीत असताना पूर्ण आंधळा झाला. कायद्याची त्याला माहिती नव्हती. मला निवृत्त करा आणि माझ्या बायकोला काम द्या, असं त्यानं पत्र लिहिलं. मंडळानं पहिली अर्धी ओळ उचलली आणि त्याला घरी बसवलं. हा त्याच्या मर्जीचा प्रश्न नव्हता, त्याला त्याचा हक्क सांगणं हे अधिकाऱ्यांचं काम होतं, अशा शब्दांत न्यायालयानं मंडळाचे कान धरले आणि त्याचे सेवेचे लाभ परत दिले.

मी वाचता वाचता थांबले. मला पेन्सिलीची ती फुली दिसली. मामांच्या जागी त्या रात्री दुसरं कुणी आलं असतं, किंवा कुणीच आलं नसतं, तर वडलांनाही तीच लढाई बारा-चौदा वर्षं लढावी लागली असती. लढवली असती की नाही, कोण जाणे.

निकाल मी मामांना नेऊन वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे कलम गिरणीला लागतंय का?"

मी गप्प राहिले. कलम ४७ मधली 'आस्थापना' म्हणजे सरकार, स्थानिक संस्था, सरकारी कंपन्या, कायद्यानं स्थापन झालेली महामंडळं. खासगी गिरणी त्यात येत नाही. यंत्रमागाचा कारखानाही येत नाही. १९६८ मध्ये हे कलम असतं तरी मामांच्या हातात झाडूच आला असता.

"माहीत हाय मला," मामा म्हणाले. "वकिलानं पहिल्याच दिवशी सांगितलंय."

म्हणजे पुण्याच्या गाडीत दौंडपर्यंत यादी पाठ करून घेणारा हा माणूस, जे दार त्याच्यासाठी कधीच उघडणार नव्हतं, ते आमच्यासाठी ढकलत होता. हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यानं आम्हाला तीन वर्षं कळूही दिलं नाही.

२०१३ मध्ये मी दुसऱ्याच एका कचेरीत लिपिक म्हणून लागले. शाखा मिळाली आस्थापना.

इथं एक कबुली द्यायची आहे. २०१९ मध्ये आमच्याकडच्या एका ज्येष्ठ टंकलेखकांना कंपवात झाला. पत्रात चुका वाढल्या, साहेब चिडले, फाईल माझ्या टेबलावर आली. जुन्या फाईलीतला नमुना समोर ठेवून मी टिपणी लिहिली: सदर कर्मचारी कर्तव्य पार पाडण्यास असमर्थ असून त्यांना स्वेच्छानिवृत्तीबाबत अवगत करावे. सही केली, फाईल वर पाठवली आणि डबा खाल्ला. त्यांना फंड लवकर मिळावा म्हणून कागद तयार ठेवायचाही विचार केला. मला खरंच वाटत होतं की मी त्यांचं भलं करतेय.

रात्री भांडी घासताना 'स्वेच्छा' हा शब्द डोक्यात वाजला. मामांच्या आवाजात.

तोवर १९९५ चा कायदा जाऊन २०१६ चा आला होता, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस, आणि त्यात कंपवात नावानिशी आहे. कलम ४७ चं संरक्षण आता कलम २० मध्ये आहे. शिवाय काम करता यावं म्हणून गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं हे सरकारी आस्थापनेचं कर्तव्य झालं आहे. कलम २३ नं प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायला सांगितलंय. त्यानं दोन आठवड्यांत तक्रारीची चौकशी करायची असते. तिथं समाधान नाही झालं तर जिल्हास्तरीय समिती. आयुक्तांनी शिफारस केली तर तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, आणि मान्य नसेल तर कारण द्यायचं. हे सगळं माझ्याच कपाटात होतं, आणि मी जुना नमुना नकलून काढला होता.

सकाळी फाईल परत मागवली. टिपणी फाडता येत नाही, म्हणून तिच्याखालीच दुसरी लिहिली. मग त्या टंकलेखकांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "काका, तुम्हाला काय काय जमेल, सांगता?" त्यांनी सहा कामं सांगितली. मोबाइलवर बोलून मराठी टाइप करता येतं, हे मला त्यांनीच दाखवलं. ते नोकरीत होते तोवर आमच्या आवक विभागात एकही पत्र हरवलं नाही.

वडलांकडे अर्ज घेऊन आलेला तो माणूस मला त्या दिवशी समजला. अन्याय करायला दुष्टपणा लागतोच असं नाही. जुना नमुना पुरतो.

आता परिस्थिती थोडी सोपी आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसतं आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे. रिटसाठी रात्रभराचा मुंबई प्रवास उरला नाही. त्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेलंगणाच्या परिवहन महामंडळातल्या, रंग ओळखता येत नाहीत म्हणून काढलेल्या एका चालकाला पर्यायी काम द्यायला सांगितलं. पर्यायी काम शोधण्याचा खरा प्रयत्न झाला का, हे मालकाला दाखवावं लागतं. चालकानं ते शोधून द्यायचं नसतं. वडलांना मात्र ते शोधावं लागलं होतं, नऊच्या नऊ.

पण यंत्रमागावर आजही बोट जातं तेव्हा तोच जुना तक्ता निघतो. दोन बोटं, २० टक्के. मामांची जागा अजून कुठल्याच कलमात नाही.

एवढं सगळं ऐकून मामांच्या मुलानं वही मिटली. "मग मी काट मारू का नको?" त्यानं विचारलं.

"नको," आईनं आतून सांगितलं.

ती चौदा पानं माझ्याकडे आहेत. नव्या कायद्याची काही पानं जोडून मी त्यांचे संच काढून ठेवते, आणि विचारायला येईल त्याला देते. तुमच्या घरात, शेजारात कुणावर अशी वेळ आली असेल, तर एवढंच करा: टाइप करून आणलेल्या स्वेच्छेच्या कागदावर त्या रात्री सही होऊ देऊ नका. वही उघडा, बसून करायची कामं लिहा, अर्ज द्या, आणि पोच घ्या.

मामांचे चौदा रुपये आम्ही अजून दिलेले नाहीत.